अॅल्टनचा संपादक मारला गेला, पण त्याआधी किती मीटिंगा झाल्या!

७ नोव्हेंबर १८३७ च्या रात्री अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, मिसिसिपी नदीकाठच्या अॅल्टन गावात, एलायजा लव्हजॉय नावाच्या संपादकाला जमावाने गोळ्या घातल्या. दोन दिवसांनी त्याचा पस्तिसावा वाढदिवस होता, त्याच दिवशी त्याला पुरलं. एवढं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं, हुतात्मा संपादक, छापण्याच्या स्वातंत्र्यासाठी बलिदान वगैरे, आणि त्यात खोटं काही नाही. पण मी हे प्रकरण पहिल्यांदा नीट तारखा लावून वाचलं तेव्हा डोक्यात वेगळंच अडकलं. जमाव आला तो सगळ्यात शेवटी. त्याआधी दोन वर्षं पत्रं, विनंत्या, कमिट्या, ठराव आणि सभा चालल्या होत्या, आणि त्या करणारे सगळे शिकलेसवरलेले, रविवारी चर्चला जाणारे, वकील नाहीतर व्यापारी. मी स्वतः बारा वर्षं एका तालुक्याच्या साप्ताहिकात काढलीत, त्यामुळे "अहो, जरा सबुरीनं घ्या" हे वाक्य कोण म्हणतं आणि कुठल्या खुर्चीत बसून म्हणतं याचा थोडाफार अनुभव आहे. म्हणून हे प्रकरण त्या बाजूने मांडतोय.

माणूस कोण होता

जन्म १८०२ चा, मेन राज्यातल्या अॅल्बियनचा. बाप पाद्री, घरात नऊ भावंडं, हा थोरला. वॉटरव्हिल कॉलेजातून (आत्ताचं कोल्बी कॉलेज) १८२६ मध्ये वर्गात पहिला येऊन बाहेर पडला आणि त्या काळातल्या बऱ्याच होतकरू पोरांसारखा पश्चिमेकडे निघाला, बराचसा पायी. सेंट लुईसला पोचला, शाळा काढली, मग १८३० मध्ये 'सेंट लुईस टाइम्स' नावाच्या राजकीय पेपरात भागीदार आणि संपादक झाला. तिथपर्यंत त्याच्यात पुढच्या लव्हजॉयचं काही दिसत नाही. हेन्री क्ले या पुढाऱ्याची बाजू घेणारा, बऱ्यापैकी लिहिणारा एक तरुण, बस.

१८३२ मध्ये धार्मिक पुनरुज्जीवनाची लाट आली त्यात हा पार बदलला. प्रिन्स्टनला जाऊन पाद्री होण्याचं शिक्षण घेतलं, परत सेंट लुईसला आला आणि २२ नोव्हेंबर १८३३ ला 'ऑब्झर्व्हर' हे धार्मिक साप्ताहिक सुरू केलं.

आता इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण पुतळ्याखाली ती कोणी लिहीत नाही. या 'ऑब्झर्व्हर'च्या तोफा सुरुवातीला गुलामगिरीपेक्षा कॅथलिक लोकांवर जास्त चालायच्या. पोप, पाद्री, कॅथलिक शाळा, सगळ्यांवर. शिवाय दारू, तंबाखू, रविवारी काम करणं हे पण होतंच. सेंट लुईस हे फ्रेंच लोकांनी वसवलेलं गाव, तिथे कॅथलिक भरपूर, त्यामुळे याने एकही शब्द गुलामांबद्दल लिहिण्याआधी निम्म्या गावाशी वाकडं घेतलं होतं. माझ्या मते त्याचं हे कॅथलिकविरोधी लिखाण आज वाचवत नाही इतकं एकांगी आहे. आणि ते या प्रकरणात महत्त्वाचं आहे, कारण पुढे "माणूसच भांडखोर आहे हो" म्हणायला लोकांना आयतं कारण मिळालं.

गुलामगिरीबद्दल पण तो सुरुवातीला मवाळ होता. हळूहळू मुक्तता व्हावी, टप्प्याटप्प्याने, मालकांना सोबत घेऊन, असं लिहायचा. 'अॅबॉलिशनिस्ट', म्हणजे ताबडतोब गुलामी बंद करा म्हणणारे, त्यांच्यात आपल्याला मोजू नका असं तो बरीच वर्षं सांगत होता.

पहिलं पत्र

१८३५ चं वातावरण समजून घ्या. उत्तरेतल्या गुलामीविरोधी संस्थेने दक्षिणेत टपालाने पत्रकं पाठवायचा धडाका लावला, जुलैत चार्ल्सटनला जमावाने पोस्टात घुसून ती पत्रकं काढून जाळली. ऑक्टोबरात बॉस्टनसारख्या शहरात 'लिबरेटर' या गुलामीविरोधी पेपरच्या संपादकाला, विल्यम लॉइड गॅरिसनला, कमरेला दोर बांधून रस्त्यातून ओढलं. मिझुरी हे तर गुलामीचंच राज्य, आणि सेंट लुईस त्याचं मोठं बंदर.

त्याच ऑक्टोबरात सेंट लुईसच्या नऊ प्रतिष्ठित लोकांनी लव्हजॉयला पत्र लिहिलं. धमकी नव्हती. भाषा अगदी सभ्य. आम्ही तुमचे हितचिंतक आहोत, सध्या लोक भडकलेत, तेव्हा गुलामगिरीच्या विषयावर काही छापू नका, एवढंच. सही करणाऱ्यांत त्याच्याच पंथाचा पाद्री होता. सही करणाऱ्यांत हॅमिल्टन गॅम्बल नावाचा वकीलही होता, आणि हा गॅम्बल लक्षात ठेवण्यासारखा माणूस आहे. पुढे १८५२ मध्ये ड्रेड स्कॉट या गुलामाचा खटला मिझुरीच्या सुप्रीम कोर्टात आला तेव्हा बाकीच्या न्यायाधीशांविरुद्ध जाऊन स्कॉटच्या बाजूने मत देणारा एकमेव जज हाच. म्हणजे वाईट माणूस नव्हे. नऊच्या नऊ जण गुंड असते तर हे प्रकरण सोपं झालं असतं.

लव्हजॉयने ५ नोव्हेंबरच्या अंकात उत्तर छापलं. मुद्दा साधा होता: मिझुरीच्या राज्यघटनेतच लिहिलंय की प्रत्येकाला बोलायचा, लिहायचा, छापायचा हक्क आहे आणि त्याचा गैरवापर केला तर तो जबाबदार. मग मी गैरवापर केला असेल तर कोर्टात खेचा. आज गुलामीवर गप्प बसा म्हणाल, उद्या दुकानदार म्हणेल दारूवर लिहू नका, परवा आणखी कोणी. यातलं "कोर्टात खेचा" हे तो पुढे दोन वर्षं म्हणत राहिला आणि एकदाही कोणी त्याला कोर्टात खेचलं नाही. का? कारण गुन्हा काहीच नव्हता, आणि ते सगळ्यांना माहीत होतं.

हे नऊ सह्यांचं पत्र त्याने जपून ठेवलं होतं. २४ ऑक्टोबर १८३७ ला, म्हणजे मरायच्या दोन आठवडे आधी, त्याने त्याच कागदावर लिहून ठेवलं की मी हे ऐकलं नाही, तेव्हापासून माझा छळ चाललाय, पण माझं मन स्वच्छ आहे आणि मी मागे हटणार नाही. त्याखाली आद्याक्षरं आणि तारीख. मला त्याच्या सगळ्या लिखाणात ही चार ओळींची नोंद सगळ्यात जास्त लागते, कारण ती छापायला लिहिलेली नव्हती.

मॅकिन्टॉश आणि जज लॉलेस

२८ एप्रिल १८३६. फ्रान्सिस मॅकिन्टॉश नावाचा स्वतंत्र कृष्णवर्णीय माणूस, बोटीवर काम करणारा, पिट्सबर्गकडचा, सेंट लुईसच्या धक्क्यावर उतरला. खलाशांच्या भांडणात पोलीस आले, याने त्यात अडथळा आणला म्हणून यालाच धरलं, तुरुंगाकडे नेताना याने सुरा काढला, एक अधिकारी मेला, एक जबर जखमी झाला. त्याला तुरुंगात टाकलं. जमावाने त्याला तुरुंगातून काढलं, गावाबाहेर झाडाला साखळीने बांधलं आणि जिवंत जाळलं. शेकडो लोक बघत होते.

ग्रँड ज्युरी, म्हणजे आरोप ठेवायचा की नाही हे ठरवणारी नागरिकांची मंडळी, बसली. जजचं नाव लूक लॉलेस, म्हणजे 'बेकायदा', नावच असं, कादंबरीत कोणी लिहिलं असतं तर संपादकाने कापलं असतं. या जजने ज्युरीला काय सांगितलं, तर हे काम थोड्या लोकांनी केलं असेल तर आरोप ठेवा, पण मोठ्या समुदायाने एका उन्मादात, जवळजवळ विजेच्या झटक्यासारख्या आवेगात केलं असेल तर ते कायद्याच्या पलीकडचं आहे, तुम्ही हात लावू नका. आणि वर, असल्या घटनांना जबाबदार कोण, तर गुलामांना भडकवणारी वर्तमानपत्रं, असं म्हणून 'ऑब्झर्व्हर'कडे बोट दाखवलं. कोणावरही आरोप ठेवला गेला नाही.

हा माझ्या मते प्रकरणाचा कणा आहे. नऊ लोकांचं पत्र ही खाजगी विनंती होती. लॉलेसने मात्र खुर्चीत बसून दोन गोष्टी जाहीर केल्या, जमाव पुरेसा मोठा असेल तर शिक्षा नाही, आणि जमाव चिडला तर दोष छापणाऱ्याचा. यानंतर जे जे झालं त्यात हीच दोन वाक्यं वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतात.

लव्हजॉयने जजला झोडपून काढलं (आणि जज आयरिश कॅथलिक होता म्हणून त्यावरही घसरला, ते टाळलं असतं तर बरं झालं असतं). लोकांनी ऑफिस फोडलं. त्याने आधीच ठरवलं होतं की पेपर नदीपलीकडे, वीसेक मैल वर, अॅल्टनला न्यायचा. इलिनॉय हे 'मुक्त' राज्य, तिथे गुलामी नाही, तिथे तरी शांततेत छापता येईल.

रविवारचं मशीन

जुलै १८३६ मध्ये छापायचं मशीन बोटीने अॅल्टनच्या धक्क्यावर आलं, आणि आलं नेमकं रविवारी. लव्हजॉय पक्का रविवार पाळणारा, तो म्हणाला आज काम नको, उद्या उचलू. रात्रीतून कोणीतरी ते मिसिसिपीत ढकलून दिलं. मला दरवेळी इथे हसावं की रडावं कळत नाही, देवाच्या दिवशी हात लावायचा नाही म्हणून मशीन उघड्यावर ठेवणारा हा माणूस, आणि सगळं गाव म्हणतंय हा नास्तिक क्रांतिकारक आहे.

अॅल्टनच्या लोकांना तेव्हा लाज वाटली. सभा भरली, निषेध झाला, नव्या मशीनसाठी वर्गणीची आश्वासनं मिळाली. त्या सभेत लव्हजॉय बोलला की मी अॅबॉलिशनिस्ट नाही, गुलामीचा विरोधक आहे, आणि इथे मुक्त राज्यात आल्यावर त्या विषयावर लिहायची तेवढी गरज पडणार नाही. पण, हे पण तो म्हणाला असं त्याच्या बाजूचे सांगतात, की मला वाटेल ते लिहायचा माझा हक्क मी सोडत नाही. पुढच्या वर्षी सगळा वाद याच्यावर झाला. गाव म्हणालं, तू शब्द दिला होतास. तो म्हणाला, मी शब्द नव्हता दिला, मत सांगितलं होतं. ज्यांनी कधी गावातल्या चार लोकांकडून मदत घेऊन पेपर काढलाय त्यांना हा वाद समजावून सांगायची गरज नाही. वर्गणी देणाऱ्याला वाटतं आपण काहीतरी विकत घेतलं.

'अॅल्टन ऑब्झर्व्हर'चा पहिला अंक ८ सप्टेंबर १८३६ ला निघाला आणि वर्षभर चालला पण बरा.

मग बिघडलं कशाने

दोन गोष्टी. एक, लव्हजॉय बदलत गेला. मॅकिन्टॉशनंतर 'हळूहळू मुक्तता' ही भाषा त्याला पटेना. ६ जुलै १८३७ च्या अंकात त्याने इलिनॉयची गुलामीविरोधी संस्था स्थापन करायची हाक दिली, झालं, आता तो उघड अॅबॉलिशनिस्ट.

दुसरी गोष्ट पैशाची, आणि ती हुतात्म्याच्या गोष्टीत हरवते. १८३७ च्या मे महिन्यात अमेरिकेत आर्थिक पडझड झाली, बँकांनी सोनं-चांदी देणं बंद केलं, धंदे बसले. अॅल्टनची उमेद होती सेंट लुईसला मागे टाकायची, जमिनीचे भाव चढवून ठेवलेले, आणि गावाचा सगळा व्यापार नदीवरून खाली दक्षिणेकडे, म्हणजे गुलामांच्या मालकांशी. अशा वेळी आपल्या गावाचं नाव 'अॅबॉलिशनचा अड्डा' म्हणून झालं तर गिऱ्हाईक येणार कुठून? हा हिशोब प्रत्येक दुकानदाराच्या डोक्यात होता. शिवाय इलिनॉय कागदावर मुक्त असलं तरी मनाने नव्हतं. त्याच वर्षी जानेवारीत राज्याच्या विधिमंडळाने अॅबॉलिशन संस्थांच्या निषेधाचा ठराव प्रचंड बहुमताने पास केला होता, आणि त्याविरुद्ध ३ मार्चला लेखी निषेध नोंदवणारे दोघेच निघाले, डॅन स्टोन आणि अब्राहम लिंकन नावाचा अठ्ठावीस वर्षांचा सभासद.

११ जुलैला बाजाराच्या इमारतीत सभा, कमिटी, लव्हजॉयला पत्र: तुम्ही गुलामीवर लिहिणार का ते कळवा. त्याने कळवलं, तुमचं पत्र मला उद्देशून आहे पण माझं संपादकपद सभेच्या मर्जीवर चालतं हे मी मान्य करू शकत नाही.

२१ ऑगस्टला एकाच संध्याकाळी दोन गोष्टी झाल्या. लव्हजॉय आजारी बायकोसाठी औषध घेऊन घरी चालला होता, वाटेत टोळक्याने घेरलं, त्याच्या अंगाला फासायला डांबर आणि वर चिकटवायला पिसं तयार होती. तो म्हणाला, मी तुमच्या हातात आहे, काय करायचं ते करा, फक्त एक विनंती, हे औषध तुमच्यातल्या कोणीतरी माझ्या बायकोला नेऊन द्या आणि तिला काही कळू देऊ नका. ते ऐकून टोळकं विरघळलं आणि सोडून दिलं. आणि त्याच रात्री ऑफिसावर दगडफेक होऊन मशीन फुटलं. दुसरं.

मग ११ सप्टेंबरला त्याने आपल्या पाठीराख्यांना पत्र लिहिलं: मी राजीनामा द्यायला तयार आहे, तुम्ही म्हणाल तर मी जातो, फक्त पेपर आणि त्याची देणी तुम्ही घ्या. हे फार कमी लोक सांगतात. हट्टी हट्टी म्हणतात त्याला, पण त्याने बाहेरचा दरवाजा स्वतः उघडून ठेवला होता. पाठीराखे बसले, चर्चा केली, आणि त्यांचं काही ठरेना. ना ठेव म्हणाले ना जा म्हणाले. अशा मीटिंगांना मी बसलोय.

तिसरं मशीन २१ सप्टेंबरला आलं तेव्हा लव्हजॉय गावातच नव्हता. मेयर जॉन क्रमने वखारीवर एक हवालदार ठेवला, सांगितलं अमुक वेळेपर्यंत थांब, हवालदार वेळ संपल्यावर निघून गेला, आणि मागोमाग टोळकं येऊन मशीन फोडून नदीत. १ ऑक्टोबरला तो सासुरवाडीला, सेंट चार्ल्सला होता तिथेही जमाव घरात घुसला. बायको सिलिया, तब्येत नाजूक, ती त्या लोकांच्या अंगावर गेली, फटके मारले, आणि त्याला रात्री निसटून जावं लागलं.

शेवटची सभा

ऑक्टोबर अखेरीस गुलामीविरोधी परिषद बोलावली होती. इलिनॉय कॉलेजचा अध्यक्ष एडवर्ड बीचर याने भाबडेपणाने सुचवलं की विचारस्वातंत्र्याला मानणाऱ्या सगळ्यांना बोलवा. आले सगळे! राज्याचा अॅटर्नी जनरल, म्हणजे मुख्य सरकारी वकील, अशर लिंडर आपली माणसं घेऊन आला आणि परिषदच बहुमताने ताब्यात घेतली. मग २ आणि ३ नोव्हेंबरला गावच्या मान्यवरांची सभा. कमिटीचा ठराव मोठा गोड होता, दोन्ही बाजूंनी थोडं थोडं सोडावं, हिंसा वाईटच, पण लव्हजॉय यांनी पेपरशी संबंध सोडावा आणि गावातून जावं, त्यांच्याबद्दल कोणाच्या मनात काही वाईट नाही.

'दोन्ही बाजूंनी' हे शब्द बघा. एका बाजूने तीन मशीनं फोडलीत, दुसऱ्या बाजूने छापलंय.

लव्हजॉय उठून बोलला, आणि ते भाषण ऐकलेल्यांनी लिहून ठेवलंय. त्याचा सूर चढलेला नव्हता. तो म्हणाला की तडजोड कशाची करायची हेच मला कळत नाही, मी गुन्हा केला असेल तर तुमच्याकडे ज्युरी आहे, तुमचा सरकारी वकील इथे समोरच बसलाय, सिद्ध करा. मी गाव सोडून कुठे जाऊ, सेंट चार्ल्सला गेलो तर तिथे घरात घुसले, म्हणजे कुठेच सुरक्षित नसेन तर इथेच बरा. आणि मेलो तर माझी कबर अॅल्टनमध्येच व्हावी असं मी ठरवलंय. बायको-मुलाबद्दल बोलताना त्याला रडू आलं, ऐकणारे पण रडले. आणि मग अश्रू पुसून सभेने मूळ ठराव पास केला.

ती रात्र

चौथं मशीन ७ नोव्हेंबरला पहाटे तीनच्या सुमारास बोटीने आलं आणि गॉडफ्री, गिलमन कंपनीच्या दगडी वखारीत ठेवलं. गिलमन हा व्यापारी, लव्हजॉयच्या बाजूचा. स्पेशल हवालदार नेमायचा विषय गावच्या कौन्सिलपुढे आला आणि लोंबकळत राहिला. मेयरने राखण करणाऱ्यांना एवढं सांगितलं की तुम्हाला मालमत्ता राखायचा हक्क आहे. पहिल्या रात्री साठेक लोक राखणीला होते, काही झालं नाही म्हणून दुसऱ्या रात्री बरेच घरी गेले, आत उरले वीसच्या आसपास.

दहाच्या सुमारास दारूच्या गुत्त्यांतून लोक निघाले. आधी दगड, मग दोन्हीकडून गोळ्या. जमावातला बिशप नावाचा तरुण आतून आलेल्या गोळीने मेला, पहिला बळी तो. मेयर क्रम मग जमावाचा निरोप घेऊन आत गेला: मशीन द्या, बाकी कोणाला काही करणार नाही. आतल्यांनी नाही म्हटलं, आम्ही गोळी चालवली तर कायद्याने बरोबर ना असं त्यालाच विचारलं, तो हो म्हणाला, बाहेर आला, जमावाला पांगायला सांगितलं, कोणी ऐकलं नाही. मग तो बघत उभा राहिला.

वखारीची रचना घात करून गेली. खिडक्या-दारं दोन टोकांना, लांब बाजूच्या भिंती आंधळ्या. छप्पर लाकडी फळ्यांचं. जमावाने आंधळ्या भिंतीला शिडी लावली आणि एकाला वर पाठवला आग लावायला. आतून त्याच्यावर नेम धरताच येईना, म्हणून बाहेर येऊनच शिडी पाडावी लागणार होती. एकदा बाहेर येऊन हुसकावलं. दुसऱ्यांदा लव्हजॉय आणि रॉयल वेलर दारात आले, लाकडांच्या ढिगामागे लपलेल्यांनी गोळ्या झाडल्या. वेलरच्या पायाला लागली. लव्हजॉयला पाच लागल्या, तो तसाच जिना चढून वर गेला आणि पडला.

बाकीच्यांनी हत्यारं टाकली. जमाव आत शिरला, मशीन खिडकीतून खाली टाकलं, तुकडे केले आणि नदीत फेकले.

खटला कोणावर?

जानेवारी १८३८ मध्ये खटले उभे राहिले, आधी गिलमन आणि वखार राखणाऱ्या आणखी अकरा जणांवर, आरोप काय तर दंगल. हो, आतल्यांवर. सरकारच्या बाजूला उभा होता लिंडर, तोच, सभेतला. गिलमन निर्दोष सुटला, मग बाकीच्यांवरचं मागे घेतलं. त्यानंतर जमावातल्या अकरा जणांवर खटला झाला, ते पण निर्दोष. खुनासाठी कोणालाच शिक्षा झाली नाही. लॉलेसचं सूत्र नदी ओलांडून इलिनॉयला आलं होतं.

गावाला अजून एक धक्का बसायचा होता. ज्या व्यापारासाठी हे सगळं केलं तो वाढला नाही, उलट अॅल्टनचं नाव देशभर खराब झालं. माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अॅडम्सने लिहिलं की या घटनेने खंडभर भूकंपासारखा हादरा बसला. बॉस्टनला फॅन्युएल हॉलमध्ये ८ डिसेंबरला सभा झाली, तिथे मॅसॅच्युसेट्सचा अॅटर्नी जनरल (हे अॅटर्नी जनरल लोक बघा जरा) जेम्स ऑस्टिन उठून म्हणाला की हा जमाव म्हणजे ब्रिटिशांविरुद्ध बॉस्टनला चहा समुद्रात फेकणारे आपले क्रांतिवीरच, आणि लव्हजॉय मूर्खासारखा मेला. त्याला उत्तर द्यायला वेंडेल फिलिप्स नावाचा तरुण वकील उठला आणि त्या एका भाषणाने देशभर माहीत झाला. जानेवारी १८३८ मध्ये लिंकनने स्प्रिंगफील्डला भाषण केलं त्यात मॅकिन्टॉशला जाळल्याचं नाव घेऊन सांगितलं, आणि छापायची मशीनं नदीत फेकणाऱ्या, संपादकांना गोळ्या घालणाऱ्या जमावाबद्दल बोलला, लव्हजॉयचं नाव मात्र घेतलं नाही. राजकारणी माणूस. लव्हजॉयचा भाऊ ओवेन पुढे काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, निवडून गेला आणि लिंकनचा जवळचा झाला.

आणि हे पण नोंदवायला हवं की गुलामीविरोधी लोकांतही याच्यावर एकमत नव्हतं. गॅरिसन अहिंसावाला, त्याने खुनाचा निषेध केला पण बंदूक उचलायला नको होती असंही स्पष्ट लिहिलं. मी स्वतः यात दोन्हीकडे झुकतो. कायद्याने तो चुकला नव्हता, मेयरच हो म्हणाला होता. पण बिशप नावाचा तो पोरगा मेल्यावर जमावाला मागे फिरायला वाटच उरली नाही, हेही खरंच.

आपल्याकडचा धागा एकच आहे पण तो खरा आहे. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' छापली तेव्हा ती अर्पण केली अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, ज्यांनी तिथल्या गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी स्वार्थ सोडून झीज सोसली. त्यात नावं नाहीत. पण ती अर्पणपत्रिका वाचताना मला आता अॅल्टनची वखार आठवते.

लव्हजॉयच्या कबरीची बरीच वर्षं नीट खूणही नव्हती. स्मारकाचा मोठा स्तंभ उभा राहिला तो १८९७ मध्ये, साठ वर्षांनी, आणि खर्चाचा मोठा वाटा इलिनॉय राज्याने उचलला. १९१५ मध्ये नदीतून मशीनचा एक तुकडा सापडला.

एक राहिलं. मागे गेलो १८३० मध्ये, 'सेंट लुईस टाइम्स'च्या दिवसांत. तेव्हा लव्हजॉयच्या छापखान्यात एक गुलाम पोरगा कामाला होता, मालकाने भाड्याने दिलेला. म्हणजे मजुरी मालकाला, काम पोराचं, आणि लव्हजॉयला तेव्हा त्यात काही खटकलेलं दिसत नाही. हा पोरगा म्हणजे विल्यम वेल्स ब्राउन, जो पुढे पळून गेला, लेखक झाला आणि आत्मचरित्रात लिहून गेला की मला मिळालेल्या मालकांत हा सगळ्यात चांगला, गुलामीत असताना जे काही थोडंफार शिकलो ते याच्यामुळे आणि छापखान्यामुळे. तर एकदा या पोराला दुसऱ्या पेपरच्या ऑफिसातून जुळवलेल्या खिळ्यांचा, म्हणजे छपाईच्या अक्षरांचा, फर्मा आणायला पाठवलं होतं. येताना गुलामांच्या मालकांची पोरं आडवी आली, बर्फाचे गोळे मारायला लागली, मग दगड आणि काठ्या. फर्मा जड, घेऊन पळता येईना, म्हणून खाली ठेवून तो भिडला, पण पोरं जास्त होती, शेवटी त्याला पळावं लागलं आणि फर्मा त्यांनी घेतला. ब्राउनने येऊन लव्हजॉयला सांगितलं. लव्हजॉय म्हणाला तू इथेच थांब, एका शिकाऊ पोराला बरोबर घेऊन गेला आणि थोड्या वेळात फर्मा घेऊन परत आला. पण येताना निरोप घेऊन आला की त्या पोरांतल्या एकाचा बाप म्हणतोय, माझ्या पोराला लागलंय, मी त्याला बडवणार. आणि त्या बापाने नंतर ब्राउनला रस्त्यात गाठून डोक्यात काठी घातली, नाका-कानातून रक्त येईपर्यंत. पाच आठवडे त्याला चालता येईना. छापखान्यातलं काम गेलं ते गेलंच.